बत्तीस हजार

आमच्या पेटलादेत माणूस आजारी पडला की त्याच्याइतकीच दगदग त्याच्या दाराची होते. खबर काढायला येणाऱ्यांची रीघ लागते. हातात शहाळं, बिस्किटांचा पुडा, नाहीतर चिकूची पिशवी. आत यायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, कपाळाला हात लावायचा, आपल्या ओळखीत हाच आजार कोणाला झाला होता आणि तो कसा तडफडून गेला ते सविस्तर सांगायचं, आणि वर चहा पिऊन जायचं. जो येत नाही त्याचं नाव घर विसरत नाही. वीस वर्षांनी लग्नाच्या मांडवातसुद्धा ते निघतं, "आमच्याकडे आजारपण होतं तेव्हा तुम्ही फिरकला नव्हता हो!"

माझी मोठी जाऊ तरुलता, आमची तरुभाभी, ही या रिवाजाची राणी. आमच्या अख्ख्या खडकीत, म्हणजे एकाच दरवाज्याच्या आतल्या गल्लीत, कोणाला साधा ताप आला तरी ती मुगाचं पाणी घेऊन पहिली हजर. पापड लाटायचे असोत की कोणाच्या मुलीचं केळवण, भाभीचा आवाज खडकीच्या दरवाज्यापर्यंत ऐकू यायचा. तिला माणसं लागत. नवरात्रीनंतर तिच्या छातीत गाठ निघाली आणि वडोदऱ्याला केमो सुरू झाली, तेव्हा तिने गाठीची चौकशी एकदा केली आणि न्यू जर्सीच्या विमानाची दहादा. तिकडे मुलाच्या बायकोला सहावा महिना होता. "केमो संपली की मी निघाले," ती म्हणायची. "नातवाला पहिली आंघोळ मी घालणार. डोक्यावर केस नसले तर नसले, त्यालाही नसतीलच."

पहिल्या केमोनंतर तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या आणि तापाने तिला आठवडाभर इस्पितळात निजवलं. म्हणून पुढच्या खेपेपासून डॉक्टर वैदेही मॅडमनी एक इंजेक्शन लावलं. केमोच्या दुसऱ्या दिवशी पोटावर द्यायचं. हाडांच्या आत जिथे पांढऱ्या पेशी तयार होतात तिथे जाऊन ते त्यांना हाकारा घालतं, चला, उठा, बाहेर पडा. हाडं मग अशी ठणकायची की भाभी कूस बदलताना ओरडायची. "मीनळ, माझ्या कंबरेत कोणी वरवंटा चालवतंय गं."

मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "इंजेक्शन दिलं म्हणजे गड जिंकला असं समजू नका. मी बोलावेन त्या दिवशीच रक्त तपासायचं. तोवर घरात बाहेरचं कोणी नको."

मी ओसरीत खुर्ची टाकली आणि दारावर बसले. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला मी कोणालाही उंबरा ओलांडू दिला नाही. शहाळी ओसरीवर, माणसं ओसरीखाली. खडकीत माझं नाव 'चौकीदारीण' पडलं. पडू दे. भाभीला ताप आला नाही, मला तेवढं पुरे होतं.

ते पुरलं नाही ते माझ्या जेठांना, म्हणजे भाभीच्या नवऱ्याला. जशभाई म्हणजे तंबाखूचे व्यापारी, आमच्या जातीच्या समाजाचे सचिव. आम्ही सगळे त्यांना मोटाभाई म्हणतो. चाळीस वर्षांत या माणसाने कोणाचं आजारपण चुकवलेलं नाही. आता त्यांच्याच दारातून लोक परत जात होते आणि ते ओसरीतल्या झोपाळ्यावर बसून तोंड चुकवत होते. त्यातून मंगुफोई, म्हणजे त्यांच्या वडिलांची बहीण, वय ऐंशीच्या घरात आणि जीभ तिशीतली, तिने गावभर केलं की जशुच्या घरात काहीतरी लपवतायत. "सून पुढे करून दार लावलंय. तरु बहुतेक गेल्यातच जमा आहे."

चौथ्या केमोनंतर इंजेक्शन झालं, आणि रविवारी सकाळी भद्रेश आला. भद्रेश मंगुफोईचा मुलगा. स्टेशन रस्त्यावर त्याची रक्त तपासायची लॅब आहे. हातात पेटी होती.

"भाभी, जरा हात द्या," तो म्हणाला. "घरची लॅब असताना वडोदऱ्याच्या तारखेची वाट कशाला बघायची?"

"मॅडमनी सांगितलेला दिवस अजून यायचाय," मी म्हटलं.

"अगं मीनळभाभी, रक्त ते रक्त. आज काढलं काय आणि नंतर काढलं काय!"

मोटाभाई झोपाळ्यावरून म्हणाले, "काढू दे त्याला. सुईला का म्हणून भ्यायचं?"

संध्याकाळी कागद आला. पांढऱ्या पेशी बत्तीस हजार. समोर वर जाणारा बाण, लाल शाईत. धडधाकट माणसाच्या दहाअकरा हजारांच्या वर जात नाहीत.

मोटाभाईंनी तो कागद हातात धरून ओसरीतून हाक दिली ती खडकीच्या दोन्ही टोकांना गेली. "बत्तीस हजार! माझ्यात सात हजार आहेत, भद्रेशमध्ये आठ. आमच्या दोघांपेक्षा हिच्यात दुप्पट!" पाच मिनिटांत कागदाचा फोटो समाजाच्या ग्रुपवर. खाली हात जोडलेले, दंड फुगवलेले, फटाके फुटणारे असले शे-दीडशे चिन्हांचे ढीग. फोईचा फोन आला, "सांगत होते ना मी, रणछोडराय बसलाय. आता परवाच्या पौर्णिमेला, पुनमेला, डाकोरला जाऊन प्रसाद घेऊनच येते."

मी आतल्या खोलीत जाऊन मॅडमना फोन लावला. आकडा ऐकून त्या म्हणाल्या, "हे रक्त आत्ता कोणी काढायला सांगितलं? मीनळबेन, तुमच्याकडे बाजरीची कोठी आहे ना?"

"आहे की."

"कोठीतली सगळी बाजरी अंगणात ओतली तर ढीग केवढा दिसेल! म्हणून काय पीक वाढलं? इंजेक्शनने आत साठवलेल्या होत्या तेवढ्या सगळ्या पेशी बाहेर काढल्या. हा तो ढीग आहे. त्यातल्याही कितीतरी अजून कच्च्या आहेत, लढणार काय त्या! आणि मागून येणार होत्या त्या केमोने मारल्यात. म्हणजे आता दोनचार दिवसांत ढीग संपणार, आणि कोठी रिकामी. नवीन पीक यायला आठवडा जाईल. त्या मधल्या दिवसांत तिला जपायचं. इंजेक्शनमुळे ते दिवस थोडे कमी होतात, नाहीसे होत नाहीत. समजलं?"

"मला समजलं," मी म्हटलं. "ज्यांना समजायला हवं त्यांच्याशी बोला."

मी फोन मोटाभाईंच्या हातात दिला. ते उठून उभे राहिले, जसं काही मॅडम ओसरीतच आल्या. "हो मॅडम. बरोबर मॅडम. अगदी मॅडम, एक माणूस आत येणार नाही." फोन ठेवला आणि झोपाळ्याला पायाने झोका दिला.

"डॉक्टर लोकांना घाबरवावंच लागतं," ते म्हणाले. "नाही घाबरवलं तर त्यांच्याकडे जाणार कोण?"

"मोटाभाई, बाजरीचा ढीग..."

"ढीग मला शिकवतेस? जन्म गेला माझा वखारीत. माल आहे तर आहे. कागदावर छापलाय." मग आवाज उतरवून म्हणाले, "मीनळ, लोक मला रस्त्यात विचारतात गं, तरुबेन आहेत ना म्हणून. आहेत ना! नवऱ्याला विचारतात. एक दिवस दार उघडं ठेवू. लोक बघून जातील, तोंडं बंद होतील."

म्हणजे लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून भाभीचं दार उघडायचं. मी पन्नाशीची बाई, जेठांसमोर आजवर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "लोकांना विचारू दे! विचारून माणूस मरत नाही!" ते माझ्याकडे असे बघत राहिले जसं काही ओसरीतल्या खुर्चीने तोंड उघडलं.

मी भाभीकडे गेले. वाटलं, ती तरी माझ्या बाजूने उभी राहील. ती पलंगावर जुन्या साडीची बाळगोधडी शिवत बसली होती.

"येऊ दे ना गं," ती म्हणाली.

"भाभी, तुम्हीसुद्धा?"

"मीनळ, दिवाळीपासून मी माणसाचं अख्खं तोंड पाहिलं नाही. तुझे डोळे आणि वर तो फडका. मी या गावात सगळ्यांच्या उशाशी बसले, आणि माझ्या उशाशी भिंत. बत्तीस हजार आलेत ना? मग थोडं हसू दे मला लोकांबरोबर."

तिच्यावर मी कशी चिडणार! तहानलेल्या माणसाला पाणी वाईट आहे हे सांगून पटत नाही. मी चिडले ते पाणी आणून देणाऱ्यांवर. आकडा कोणी आणला, कोणी नाचवला? तिने तर मागितलाही नव्हता.

पुनमेला सकाळी मी खुर्ची टाकून दारात बसले. मोटाभाईंनी ती स्वतःच्या हाताने उचलली आणि आत नेऊन ठेवली. "आज मी आहे दारात," ते म्हणाले. आणि होतेच. प्रत्येकाला हात धरून आत घेत होते.

खडकी आली, समाज आला, डाकोरहून परतलेले भरल्या जीपनिशी आले. खोलीत पंखा असून हवा हलेना. कोणी भाभीचा हात हातात घेतला, कोणी कपाळ चाचपलं, कोणी गळ्यात पडून रडलं. मी मास्कचं खोकं घेऊन फिरत होते. "घे बाई, घालते," म्हणायचे आणि हनुवटीखाली अडकवून बोलायला लागायचे. भाभी हसत होती. खोटं कशाला सांगू, आजारपणात ती इतकी सुंदर कधी दिसली नव्हती.

मग फोई आली. पंधरवडा झाला, फोईला खोकला होता. जीपमधून उतरतानाच तिचा आवाज ओसरीत पोचला. मी आडवी झाले.

"फोई, तुम्हाला खोकला आहे. प्रसाद माझ्याकडे द्या."

"हा तर धुळीचा खोकला."

"कसलाही असू दे. आत नाही जायचं."

"जशु!" फोईने हाक मारली. "तुझ्या घरी आता आम्हाला ही परवानगी देणार?"

ओसरीतल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या. मोटाभाई पुढे आले. मला एक क्षण वाटलं की आता हा माणूस माणसासारखं वागेल. त्यांनी माझ्या खांद्याला हात न लावता, नुसत्या नजरेने मला बाजूला केलं. "या फोई," ते म्हणाले. "बत्तीस हजार आहेत तिच्यात. तुमचा खोकलाच घाबरून पळेल."

लोक हसले. केवढा विनोद तो!

फोईने भाभीचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला, अलाबला घेतली, आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, आणि मगसच्या लाडूचा तुकडा स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात घातला. घालता घालता खोकली. भाभीने डोळे मिटून तो तुकडा खाल्ला.

शुक्रवारी पहाटे भाभीला थंडी वाजून आली. आम्ही वडोदऱ्याला पोचेपर्यंत ती मला ओळखत होती, पण श्वास वरच्यावर होता. तिथे रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी दोनशे.

दोनशे! बत्तीस हजारांचे दोनशे. मोटाभाई कागद उलटा करून बघत होते, मागच्या बाजूला उरलेले आकडे असतील तसे.

मॅडम धावत आल्या, औषधं चढली, नळ्या लागल्या. फुप्फुसं भरली होती. शेवटपर्यंत त्यांनी हात टेकले नाहीत. मी त्यांना सरळ विचारलं, "हे फोईच्या खोकल्यातून आलं ना?" त्या म्हणाल्या, "ते सांगता येत नाही, मीनळबेन. कोणाकडूनही आलं असेल. कधी कधी माणसाच्या स्वतःच्या आतड्यातूनही येतं. पुरावा नाही देता येणार." मॅडम खरं बोलणाऱ्या, म्हणून त्यांचं म्हणणं जसं आहे तसं सांगते. पुरावा नाही. पण रिकाम्या कोठीच्या तोंडाशी सगळ्या गावाला आणून बसवायचं आणि मग विचारायचं, घूस कुठल्या बिळातून आली. असल्या पुराव्याची मला गरज नाही.

भाभी गेली. चौथ्या दिवशी न्यू जर्सीत मुलगी जन्मली. बाळगोधडीची एक कड टाचायची राहिली होती, ती मी टाचली आणि पाठवून दिली.

बेसणं, म्हणजे गेलेल्या माणसासाठी सांत्वनाला जमायची बैठक, झालं समाजाच्या वाडीतल्या सभागृहात. पेपरात वेळ छापली होती, चार ते सहा. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, समोर भाभीचा फोटो, हाराखाली ती हसतेय. चारच्या ठोक्याला सगळे आले. भाभी जिवंत होती तेव्हा दार बंद आहे हे ज्यांना चारदा सांगून कळलं नव्हतं, त्यांना बेसण्याची वेळ छापील वाचून बरोबर कळली होती.

बेसण्यात मोठ्याने बोलत नाहीत. भजन चालू असतं, बायका कानाशी कुजबुजतात. माझ्या पुढच्या ओळीत मंगुफोई बसली होती, आणि तिच्या शेजारी आमच्या खडकीतल्या इलाबेन. इलाबेनच्या तरुण सुनेला, हेतलला, नुकतीच तीच गाठ निघाली होती.

फोई तिला सांगत होती, "ऐक माझं. केमो घेऊ दे, पण ते पोटावरचं इंजेक्शन घेऊ देऊ नकोस. त्यानेच नेलं आमच्या तरुला. भलतं उष्ण. रक्त एकदम बत्तीस हजारांवर उकळलं आणि बाई जळून गेली. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं."

इलाबेनने मान डोलावली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भाभीला तर नेलंच, आता दुसरीच्या हातातली काठीही काढून घेतायत! मी उभी राहिले. भजन म्हणणारा अडखळला.

"इंजेक्शनने नाही नेलं तिला," मी म्हटलं, आणि वाडीच्या मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "इंजेक्शन तिला तारायला होतं. मागच्या दोन खेपांना त्यानेच तारलं, कारण तेव्हा दार बंद होतं. तिला तुम्ही नेलं. आकडा बघून दार उघडणाऱ्यांनी नेलं. तुम्ही, फोई, खोकत खोकत तिच्या तोंडात घास घातलात. आणि भद्रेशभाई, तुमच्या यंत्राला आकडा येतो, त्याचा अर्थ येत नाही. तो माहीत नव्हता तर सुई कशाला टोचलीत? हेतलला इंजेक्शन देऊ नका म्हणून जो सांगेल त्याच्यावर हेतलचंही पाप!"

कोणीतरी म्हणालं, "दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं. बसवा तिला." दोन बायकांनी माझे दंड धरले. फोई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मोटाभाई पुरुषांच्या पहिल्या ओळीत होते. त्यांनी मान वर केली नाही. सहा वाजता सगळे उठले.

रात्री इलाबेन मागच्या दाराने आमच्या स्वयंपाकघरात आली. तिने फक्त एवढंच विचारलं, "दार कधीपासून लावायचं, ते सांग."

मी सांगितलं.

हेतलला इंजेक्शन मिळालं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी माझी खुर्ची उचलून इलाबेनच्या घराकडे निघाले. तिथे दारात आधीच कोणीतरी बसलं होतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर, पांढऱ्या सदऱ्यात, पायाशी साबण आणि पाण्याची बादली. मोटाभाई.

समोरून मंगुफोई येत होती, हातात शहाळं.

"फोई, शहाळं तिथे ओट्यावर ठेवा," मोटाभाई म्हणाले.

"पोरीला बघून तरी जाते."

"नाही."

"आकडा तरी सांग, किती आला?"

"डॉक्टर सांगतील त्या दिवशी तपासायचा आहे. त्याच्या आधी आकडा नाही आणि माणूस नाही."

"जशु, तुला मी कडेवर खेळवलंय."

"म्हणून तर हात जोडून सांगतोय. घरी जा, फोई."

फोई शहाळं ओट्यावर ठेवून गेली. आकाश कोसळलं नाही. मागून खडकीतल्या आणखी दोघीतिघी आल्या होत्या. मोटाभाईंनी नुसता हात वर केला आणि त्या वळल्या. कोणी रुसलं नाही, कोणी नातं तोडलं नाही. जशभाईंचा शब्द आहे, संपलं.

हेतल पुढे बरी राहिली. त्याचा मला आनंद आहे. पण त्या सकाळी मी त्या वळणाऱ्या बायकांकडे बघत राहिले. इतकं सोपं होतं हे. एक हात वर करायचा होता.

मोटाभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी म्हणेन म्हणून ते थांबले होते. मी माझी खुर्ची दाराच्या दुसऱ्या बाजूला टाकली, बसले, आणि त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.